रत्नागिरी ते मंडाले : एका सरळ रेषेची हकीकत

श्रोतेहो, दोन गांवांमधील अंतर किती, हा प्रश्न दिसावयास मोठा सोपा आहे. शाळेंतील मूल नकाशावर पट्टी ठेवून त्याचें उत्तर देतें. परंतु आमच्या कोंकणांतील जुन्या माणसांस हाच प्रश्न विचारला असतां तीं सहसा मैलांत उत्तर देत नसत. मुंबई किती लांब, असें विचारलें तर आगबोटीला किती वेळ लागतो तें सांगत. कोल्हापूर किती लांब, असें विचारलें तर घाट चढून बैलगाडीचे किती मुक्काम पडतात तें सांगत. आणि भर पावसाळ्यांत मुंबईची गोष्ट काढली तर, ‘आतां नारळी पौर्णिमा होऊं द्या, मग पाहूं,’ असें म्हणून प्रश्नच निकालांत काढीत. त्यांच्या हिशेबीं अंतर म्हणजे लागणारा वेळ, होणारा खर्च आणि वाट मोकळी आहे कीं नाहीं, ह्या तिहींची बेरीज होती.

विमानाच्या युगानें ह्या जुन्या हिशेबाच्या जागीं एक नवा आंकडा आणून ठेवला आहे. त्यास आपण हवाई अंतर म्हणतों. नदी, डोंगर, खाडी ह्यांपैकीं कशाचीहि पर्वा न करितां एका शहरावरून दुसऱ्या शहरावर सरळ उडत गेलें तर जितकी वाट पडेल, तितकें तें अंतर. आज मी अशाच एका अंतराविषयीं बोलणार आहें. त्याचें एक टोंक आमची रत्नागिरी आणि दुसरें टोंक ब्रह्मदेशाची, म्हणजे आजच्या म्यानमारची, जुनी राजधानी मंडाले. हीं दोन शहरें एकमेकांशीं जोडलीं गेलीं तीं कांहीं व्यापारामुळें किंवा तीर्थयात्रेमुळें नव्हे. तेथील एका राजास येथें आणि येथें जन्मलेल्या एका लोकनायकास तेथें सरकारनें बळेंच नेऊन ठेविलें, म्हणून ह्या दोन नांवांचा संबंध जडला. त्या दोघांच्या प्रवासाचा हिशेब मांडला म्हणजे हवाई अंतराचा आंकडा आपणांस काय सांगतो आणि काय सांगत नाहीं, हें चांगलें ध्यानांत येतें.

प्रथम तो आंकडाच काढूं. रत्नागिरी विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें १७ अंशांवर आणि ग्रीनिचच्या पूर्वेस ७३.३ अंशांवर आहे. मंडाले उत्तरेस सुमारें २२ अंशांवर आणि पूर्वेस ९६.१ अंशांवर आहे. शाळेंतील पृथ्वीचा गोल घ्यावा, दोऱ्याचें एक टोंक रत्नागिरीवर दाबून धरावें, दुसरें मंडालेवर न्यावें आणि दोरा ताणावा. ताणलेला दोरा गोलावर आपोआप सर्वांत जवळच्या वाटेनें बसतो. ही वाट ज्या वर्तुळाचा तुकडा असते, त्या वर्तुळाचा मध्य म्हणजे खुद्द पृथ्वीचा मध्य होय. म्हणून अशा वर्तुळास बृहद्वृत्त म्हणतात. रत्नागिरी आणि मंडाले ह्यांच्यामधील असा तुकडा पृथ्वीच्या मध्याशीं सुमारें २२ अंशांचा कोन करितो. बृहद्वृत्तावरील एक अंश म्हणजे सुमारें १११ किलोमीटर. गुणाकार करितां साधारण २,४५० किलोमीटर येतात. जुन्या मापानें सुमारें १,५२० मैल.

येथें कोणी म्हणेल, गोलाची आणि दोऱ्याची यातायात कशाला? भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेविली तर काय बिघडेल? ह्या दोन शहरांपुरतें फारसें बिघडणार नाहीं. दोन्हीं वाटांत जेमतेम तीन-चार किलोमीटरांचा फरक पडेल, कारण दोन्हीं शहरें विषुववृत्तापासून फार दूर नाहींत. परंतु मुंबई आणि न्यूयॉर्क ह्यांच्यामध्यें नाविकांच्या नकाशावरून सरळ रेषा ओढून त्याच दिशेनें चालत राहिलें तर १४,००० किलोमीटरांहून अधिक वाट पडते, आणि गोलावरच्या दोऱ्यानें पाहिलें तर सुमारें १२,५०० किलोमीटरच पडते. नकाशा सपाट आहे आणि पृथ्वी वाटोळी आहे, एवढेंच त्याचें कारण. म्हणून न्यूयॉर्कला जाणारें विमान पश्चिमेस न जातां उत्तरेकडे कां वळतें, असा प्रश्न ज्यांस पडतो त्यांनीं तो दोरा एकदां ताणून पाहावा.

आतां आपल्या दोऱ्याखालीं कोणता मुलूख येतो तें पाहूं. कल्पनेचें एक विमान रत्नागिरीहून सह्याद्रि ओलांडून निघालें तर तें प्रथम कऱ्हाडच्या आसपास कृष्णा-कोयनेचा संगम पाहील. पुढें सोलापूर लागेल. तेथून तेलंगणांत शिरून करीमनगरच्या उत्तरेकडून जाईल, आणि जेथें प्राणहिता गोदावरीस मिळते त्या सिरोंच्याच्या टापूंत महाराष्ट्राच्या पूर्वेकडील टोंकास क्षणभर स्पर्श करील. नंतर बस्तरचें अरण्य, आणि त्यापुढें ओरिसाचा गंजाम जिल्हा. बरोबर अर्धी वाट येथें संपते. महानदीच्या मुखाजवळ जमीन सुटेल. बंगालच्या उपसागरावरून सुमारें साडेपांचशें किलोमीटर पाण्यावरून गेलें कीं कॉक्स बाझारच्या आसपास पुन्हां किनारा दिसेल. मग आराकानचे डोंगर आणि त्यांपलीकडे इरावतीच्या कांठीं मंडाले. अशी थेट विमानसेवा नाहीं. परंतु असती तर हल्लींच्या विमानास ही वाट सुमारें साडेतीन तासांची. मंडालेस सूर्य आपल्यापेक्षां सुमारें दीड तास अगोदर माथ्यावर येतो. इतकीं हीं शहरें दूर, आणि म्हटलें तर इतकीं जवळ.

ह्या साडेतीन तासांच्या वाटेस पहिल्या प्रवाशास किती वेळ लागला, तें आतां ऐकावें. १८८५ सालच्या नोव्हेंबरांत इंग्रजांनीं ब्रह्मदेशावर तिसरी स्वारी केली. लढाई अशी फारशी झालीच नाहीं. इंग्रजांच्या आगबोटी इरावतीवरून वर गेल्या आणि महिना संपण्याच्या आंत राजधानी त्यांच्या हातीं पडली. राजा थिबा त्या वेळीं सत्तावीस वर्षांचाहि नव्हता. त्यास, राणी सुपायालत हिला आणि त्यांच्या परिवारास राजवाड्यांतून बैलगाड्यांतून नदीवर आणण्यांत आलें आणि आगबोटीवर चढविण्यांत आलें. प्रजा रस्त्याच्या दुतर्फा उभी राहून हें पाहत होती. १ जानेवारी १८८६ रोजीं त्याचें राज्य इंग्रजी मुलखास जोडल्याचा जाहीरनामा निघाला, तेव्हां राजा मद्रासेंत होता.

त्याची वाट अशी झाली : इरावतीवरून दक्षिणेस रंगून, रंगूनहून उपसागर ओलांडून मद्रास, मद्रासेंत कांहीं महिन्यांचा मुक्काम, तेथून पुन्हां जहाजानें सिलोनला वळसा घालून पश्चिम किनाऱ्यानें वर रत्नागिरी. १८८६ च्या एप्रिलांत राजा येथील बंदरावर उतरला. नोव्हेंबराच्या अखेरीपासून एप्रिलापर्यंत साडेचार महिने झाले होते, आणि वाट सरळ रेषेच्या दुप्पटीच्याहि वर गेली होती. ह्या प्रवासाची सर्वांत बोलकी खूण राजाच्या मुलींच्या जन्मस्थानांत सांपडते. त्याच्या चार कन्यांपैकीं पहिल्या दोघी मंडालेस जन्मल्या, तिसरी वाटेंत मद्रासेस आणि चौथी रत्नागिरीस.

रत्नागिरी कां निवडली, हें समजण्यास कठीण नाहीं. त्या काळीं येथें आगगाडी नव्हती. ती यावयास त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ जावा लागला, आणि कोंकण रेल्वेचा सबंध मार्ग १९९८ सालीं खुला झाला. एका अंगास सह्याद्रि, दुसऱ्या अंगास समुद्र, आणि चार महिने समुद्रहि बंद. भोंवतालच्या लोकांस ब्रह्मी भाषेचा गंध नाहीं आणि राजास मराठीचा नाहीं. ज्या अडचणींनीं आम्हां कोंकणस्थांचें जिणें कष्टाचें केलें, त्याच अडचणी सरकारास तुरुंगाच्या भिंतींसारख्या उपयोगीं पडल्या. राजास प्रथम भाड्याच्या बंगल्यांतून ठेवण्यांत आलें. आज ज्यास आपण थिबा राजवाडा म्हणतों ती लालसर विटांची इमारत १९१० सालीं राहण्यास तयार झाली. म्हणजे राजवाड्यासाठीं राजास जवळजवळ पंचवीस वर्षें वाट पाहावी लागली, आणि त्यांत राहण्यास जेमतेम सहा वर्षें मिळालीं. त्या उंचवट्यावरून भाट्याची खाडी आणि पलीकडचा समुद्र दिसतो. राजा त्या समुद्राकडे पाहत बसे असें आमच्याकडे सांगतात. पण तो समुद्र पश्चिमेचा. त्याचा देश त्याच्या पाठीमागें, पूर्वेस होता.

आतां ह्याच रेषेवरून उलट गेलेला दुसरा प्रवासी. लोकमान्य टिळकांचा जन्म रत्नागिरीस २३ जुलै १८५६ रोजीं झाला. त्यांचें पुढील आयुष्य पुण्यास गेलें, परंतु गांवांतील त्यांचें जन्मस्थान आजहि लोक भक्तीनें पाहण्यास येतात. १९०८ च्या जून महिन्यांत ‘केसरी’तील लेखांवरून त्यांना पकडण्यांत आलें आणि जुलैंत सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्याच सप्टेंबरांत त्यांना जहाजानें रंगूनला आणि तेथून आगगाडीनें मंडालेस नेलें. सिलोनला वळसा घालणारी ही वाटहि सुमारें साडेचार हजार किलोमीटरांची, म्हणजे पुन्हां सरळ रेषेच्या जवळजवळ दुप्पट.

मंडालेचा तुरुंग होता कोठें? जुन्या राजनगरीस चौकोनी तट आणि भोंवतीं पाण्याचा खंदक आहे. त्या तटाच्या आंत राजवाडा होता. इंग्रजांनीं राजनगरीचा किल्ला केला, त्यास आपल्या व्हाइसरॉयाचें, डफरिनचें, नांव दिलें, आणि त्याच तटाच्या आंत तुरुंगहि ठेविला. म्हणजे १९०८ ते १९१४ ह्या सहा वर्षांत स्थिति अशी होती कीं, मंडालेचा राजा रत्नागिरीस बंदिवासांत आणि रत्नागिरीस जन्मलेले टिळक त्या राजाच्याच तटाच्या आंत बंदिवासांत. दोघांच्या जागा जणूं अदलाबदल केलेल्या. एकमेकांस त्यांनीं कधीं पाहिलें नाहीं. १९१० सालीं राजा आपल्या नव्या वाड्यांत राहावयास गेला. त्याच सालच्या हिवाळ्यांत टिळकांनीं लांकडी कोठडींत बसून शिसपेन्सिलीनें ‘गीतारहस्य’ लिहावयास घेतलें आणि थोड्याच महिन्यांत हातावेगळें केलें. तें छापून प्रसिद्ध झालें १९१५ सालीं.

हा योगायोग नुसता नवलाचा म्हणून सोडून देण्यासारखा नाहीं. दोन्हीं टोंकांस एकच सरकार होतें आणि त्याच्या हातांत एकच साधन होतें, तें म्हणजे अंतर. माणसास मारावयाचें नाहीं, कारण मेलेल्या राजाचे आणि पुढाऱ्याचे पोवाडे होतात. त्यास त्याच्या माणसांत ठेवावयाचें नाहीं, कारण तो तेथें बलवान् असतो. म्हणून त्यास उचलून दूर, परक्या भाषेच्या मुलखांत नेऊन ठेवावयाचें. ही युक्ति तेव्हां नवीन नव्हती. १८५८ सालीं दिल्लीचा अखेरचा बादशहा बहादुरशहा जफर ह्यास रंगूनला पाठविण्यांत आलें आणि १८६२ सालीं तो तेथेंच वारला. १९०७ सालीं लाला लजपतराय ह्यांना कांहीं महिने मंडालेस ठेविलें होतें, आणि टिळकांच्या नंतर सुभाषचंद्र बोस ह्यांनींहि त्या तुरुंगाचा अनुभव घेतला. खुद्द रत्नागिरीस अंदमानांतून आलेल्या बॅरिस्टर सावरकरांना १९२४ पासून १९३७ पर्यंत जिल्ह्याच्या हद्दींत स्थानबद्ध करून ठेविलें होतें. नकाशावरील अंतर निसर्गानें दिलेलें असतें. त्याची शिक्षा माणूस बनवितो.

हें म्हणणें किती खरें आहे तें १९१२ सालच्या एका प्रसंगावरून कळतें. तारायंत्र आलें तेव्हां लोक म्हणूं लागले कीं आतां अंतर उरलेंच नाहीं. एका अर्थानें तें बरोबर होतें. हिंदुस्थान आणि ब्रह्मदेश तारेनें जोडलेले होते आणि पुण्याची बातमी मंडालेस पोहोंचावयास फार वेळ लागत नसे. त्या जून महिन्यांत टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्यास निवर्तल्या, आणि ही बातमी टिळकांस तुरुंगांत तारेनेंच कळली. बातमीनें सबंध उपसागर आणि सबंध दख्खन ओलांडलें. ज्यास ती कळली त्या माणसास मात्र कोठडीचा उंबरठा ओलांडतां आला नाहीं. त्यानंतर दोन वर्षांनीं, जून १९१४ मध्यें, ते पुण्यास परत आले तेव्हां घरांत वाट पाहणारें तें माणूस नव्हतें.

टिळक निदान परत आले. थिबा राजाच्या नशिबीं तेंहि नव्हतें. १९१६ च्या डिसेंबरांत तो रत्नागिरीसच वारला. त्याचा देह ब्रह्मदेशांत नेऊं द्यावा ही राणीची मागणी सरकारानें मान्य केली नाहीं, आणि अखेरीस १९१९ सालीं येथेंच त्याची समाधि झाली. त्या वर्षीं राणीस परत जाण्याची परवानगी मिळाली, परंतु तिची राजधानी मंडाले होती तरी तिला ठेविलें रंगूनला. १९२५ सालीं ती तेथेंच वारली. म्हणजे पति रत्नागिरीस आणि पत्नी रंगूनला, अशा दोघांच्या समाध्या एका उपसागराच्या दोन बाजूंस आहेत. त्यांची थोरली कन्या ब्रह्मदेशांत जाऊन पुन्हां रत्नागिरीस परतली आणि येथेंच राहिली. तिची मुलगी आमच्यांतीलच एक होऊन मराठी बोलत म्हातारी झाली. चाळीस वर्षांपूर्वीं जी दूरची जागा शिक्षा म्हणून निवडली होती, तीच त्या कुळाच्या एका शाखेचें घर बनली. अंतराचा असाहि एक गुण आहे.

आतां विमानाकडे वळूं. इंपीरिअल एअरवेज ह्या कंपनीनें लंडन ते कराची ही सेवा मार्च १९२९ मध्यें सुरू केली. त्या प्रवासास सात दिवस लागत आणि मध्यें युरोपांतील कांहीं भाग आगगाडीनें जावें लागे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा एका लहानशा पुस मॉथ विमानांत टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादेस उतरून मुंबईस जुहूला आले. पुढचा मद्रासपर्यंतचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट ह्यांनीं केला. जुहूचें मैदान पावसाळ्यांत चिखलानें भरे, म्हणून त्या चार महिन्यांत विमानें पुण्याहून उडत. नारळी पौर्णिमेचा जुना हिशेब विमानासहि कांहीं काळ चुकला नाहीं, तो असा. पुढच्याच वर्षीं, १९३३ सालीं, इंपीरिअल एअरवेजची वाट कराचीहून दिल्ली, कलकत्ता, आक्याब अशी रंगूनपर्यंत आणि तेथून सिंगापूरपर्यंत पोहोंचली. टिळकांच्या सुटकेस वीस वर्षें व्हावयाच्या आंतच ब्रह्मदेश हवाई नकाशावर आला होता.

ह्यामुळें ब्रह्मदेश सर्वांस जवळ आला काय? १९४२ सालानें त्याचें उत्तर दिलें. जपान्यांनीं ब्रह्मदेशावर चाल केली तेव्हां तेथें लाखों हिंदी लोक मजूर, कारकून, व्यापारी, डॉक्टर म्हणून राहत होते. मार्चांत रंगून पडलें आणि एप्रिलाच्या आरंभीं मंडालेवर बाँबचा भयंकर वर्षाव झाला. विमानें होतीं, परंतु त्यांत जागा थोड्या आणि त्या कोणास मिळावयाच्या हें पद, पैसा आणि वर्ण ह्यांवर ठरे. उरलेले चार-पांच लाख लोक आराकानच्या वाटेनें आणि मणिपुराच्या डोंगरांतून चालत हिंदुस्थानांत आले, आणि त्यांतील हजारों वाटेंत मेले. जी वाट विमानास तासाभराची, ती त्यांस कित्येक आठवड्यांची झाली. त्यांच्या माथ्यावरून तीच सरळ रेषा जात होती. पण ती त्यांच्यासाठीं नव्हती. तीन वर्षांनीं, मार्च १९४५ मध्यें, मंडाले परत घेण्याच्या लढाईंत तो लांकडी राजवाडा जळून गेला. त्याच्या जागीं आज दिसतो तो मागाहून पुन्हां बांधलेला आहे. राजास कैदेंत ठेवण्यासाठीं बांधलेला रत्नागिरीचा वाडा मात्र शाबूत राहिला, आणि आज तेथें वस्तुसंग्रहालय आहे.

कोणी म्हणेल, ही पारतंत्र्याची आणि युद्धाची कथा झाली; शांततेच्या काळांत विमान सरळच जातें. तसेंहि नाहीं. आकाशासहि हद्दी आहेत. १९७१ च्या जानेवारी अखेर ‘गंगा’ नांवाचें आपलें एक विमान पळवून लाहोरास नेण्यांत आलें आणि तेथें जाळण्यांत आलें. त्यानंतर फेब्रुवारींत हिंदुस्थाननें पाकिस्तानी विमानांस आपल्या आकाशांतून जाण्याची बंदी केली. कराचीहून डाक्क्याचें हवाई अंतर सुमारें २,४०० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या रत्नागिरी-मंडाले एवढेंच. बंदीनंतर तीं विमानें सिलोनला वळसा घालून जाऊं लागलीं आणि वाट सुमारें दुप्पट झाली. श्रोत्यांच्या ध्यानांत आलेंच असेल : १८८६ सालीं थिबा राजाच्या जहाजास जो वळसा पडला, तोच वळसा आणि तीच दुप्पट वाट पंचाऐशीं वर्षांनीं विमानांच्या वांट्यास आली. एका राज्याचे दोन तुकडे एकमेकांपासून किती दूर आहेत, हें तेव्हां त्या राज्यास कळलें. आणि वर्ष संपण्याच्या आंत ते तुकडे वेगळे झाले. पुढें २०१९ सालीं फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत पाकिस्तानचें आकाश बंद होतें, तेव्हां दिल्लीहून युरोपास जाणाऱ्या आपल्या विमानांस लांबची वाट घ्यावी लागली. २०२२ सालीं युक्रेनच्या युद्धामुळें रशियाचें आकाश पाश्चात्य कंपन्यांस बंद झालें आणि युरोपांतून जपानला जाणाऱ्यांच्या प्रवासांत कित्येक तासांची भर पडली. पृथ्वीचा गोल तोच, दोरा तोच, आंकडाहि तोच. वाट मात्र बदलली.

ह्याउलट उदाहरणहि सांगितलें पाहिजे, नाहीं तर हिशेब एकांगी होईल. २०१२ च्या डिसेंबरांत म्यानमारचे त्या वेळचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीस येऊन थिबा राजाच्या समाधीपुढें नतमस्तक झाले. राजास जाऊन शंभर वर्षें व्हावयास आलीं होतीं. परंतु त्याच्या देशाचा प्रमुख त्याच्याकडे आला. आणि २८ मार्च २०२५ रोजीं मंडालेस मोठा भूकंप झाला, ७.७ प्रतीचा. दुसऱ्याच दिवशीं मदतीचें साहित्य घेऊन आपलें हवाई दलाचें विमान म्यानमारांत उतरलें, आणि थोड्याच दिवसांत आपल्या लष्कराचें एक रुग्णालय मंडालेंत जखमींवर उपचार करूं लागलें. जेथें एके काळीं आपले लोक बेड्या घालून पाठविले जात, तेथें आपले डॉक्टर आपण होऊन गेले. त्या दिवशीं तें अंतर खऱ्या अर्थानें कांहीं तासांचें होतें, कारण जाणाऱ्याची इच्छा होती, साधन होतें आणि वाट मोकळी होती.

श्रोतेहो, आज आपल्यांतील पुष्कळांच्या घरचीं मुलें परमुलखांत आहेत. आईबाप नातवंडांस सांगतात कीं आतां काय, अमेरिका म्हणजे एका रात्रीचा प्रवास. आंकड्यानें पाहिलें तर तें खरें आहे. परंतु परवाना मिळाला नाहीं, रजा मिळाली नाहीं, आकाश बंद झालें, किंवा साथीमुळें २०२० सालीं झालें तसें जगभरचीं विमानेंच जमिनीवर राहिलीं, म्हणजे तीच एक रात्र किती लांबते तें त्या वर्षीं कित्येक घरांनीं अनुभविलें. मुलाचा चेहरा समोरच्या यंत्रांत दिसत होता आणि आईच्या शेवटच्या दिवसांत त्यास येतां आलें नाहीं. १९१२ सालची ती तार आणि २०२० सालचा तो चेहरा, ह्यांत साधनांचा फरक पडला. दुःख तेंच राहिलें.

म्हणून मुलांस भूगोल शिकवितांना हवाई अंतर अवश्य शिकवावें. गोलावर दोरा ताणून तें काढण्यांत मोठा आनंद आहे आणि पृथ्वी वाटोळी असल्याची खरी ओळख त्यांतूनच होते. परंतु २,४५० हा आंकडा फळ्यावर लिहून झाला कीं त्याच्या खालीं आणखी एक प्रश्न लिहावयास विसरूं नये : ही वाट कोणास मोकळी होती आणि कोणास नव्हती? पहिलें उत्तर गणितांत मिळतें. दुसऱ्यासाठीं इतिहास उघडावा लागतो. आमचे कोंकणांतील म्हातारे मैल न सांगतां वाट मोकळी होण्याचा दिवस सांगत, त्यांत अडाणीपणा नव्हता. अंतर कशानें बनतें हें त्यांस प्रवास करून, आणि कधीं कधीं प्रवास करावयास न मिळून, नीट कळलें होतें.